हातांनी राखलेली राई

कुडेवाडीतलं सगळ्यात शेवटचं घर सगुणाचं. त्या घरापाशी गाव संपायचं आणि डोंगर सुरू व्हायचा. घर तरी केवढं! मातीच्या दोन इवल्याशा खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि छपरावर चढलेला दुधीचा वेल. वेलाला पांढरीशुभ्र फुलं आली की लांबून वाटायचं, घराने चांदण्यांची टोपीच घातली आहे. पण आत डोकावलं, तर तांदळाचं मडकं बहुतेक वेळा रिकामं असायचं.

सगुणाचे बाबा, भागोजी, लोकांचे नारळ-फणस उतरवून द्यायचे. वैशाखात एका उंच फणसावरून त्यांचा पाय निसटला. पायाचं मोडलेलं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठीशिवाय त्यांना चार पावलं टाकता येईनात. मग आई पत्रावळी लावू लागली. कुड्याची रुंद, हिरवी पानं माडाच्या झावळीतल्या हिराच्या बारीक काड्यांनी एकमेकांना टाचायची, गोल गोल पत्रावळ करायची आणि आठवडा बाजारात नेऊन विकायची. पानं आणायचं काम नऊ वर्षांच्या सगुणाचं.

संध्याकाळी पेज थोडीच असली की आई म्हणायची, "मला आज भूकच नाही गं."

लगेच सगुणा म्हणायची, "मलाही नाही."

"मग मला एकट्यालाच कशी असेल?" बाबा म्हणायचे.

मग तिघंही हसायची, पेजेचे तीन वाटे व्हायचे आणि वाडगी चाटूनपुसून लख्ख व्हायची.

सगुणा पानं आणायची ती हरबानानांच्या राईतून. डोंगराच्या कुशीत झाडांची मोठी दाटी होती, तिला सगळे राई म्हणत. तिथे किंजळ होते, बकुळ होती, सुरंगी होती, आणि मधोमध धुपाचा एक थोरला वृक्ष होता. हिरवा रंग तरी किती तऱ्हेचा! कोवळा पोपटी, गर्द पाचूसारखा, आणि सावलीत गेलं की काळसर मखमली. पिवळाधमक हळद्या पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर जायचा तेव्हा कुणीतरी हळदीची चिमूट उधळल्यासारखं वाटायचं. धुपाच्या मुळाशी एक चिमुकला झरा होता. त्याचं पाणी खळखळत पाटाने खाली गावात यायचं, आणि सगळं गाव तेच पाणी प्यायचं.

राई नानांची स्वतःची होती, त्यांच्या पणजोबांपासूनची. नाना सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे आणि थोडे तुसडे. त्यांची मुलं दूर शहरात असत, त्यामुळे ते राईच्या तोंडाशी असलेल्या घरात एकटेच राहायचे. गावातली माणसं राईत जायची, फुलं वेचायची, काटक्या न्यायची, पण नानांशी कुणी फारसं बोलायचं नाही. सगुणा मात्र रोज त्यांच्या ओटीपाशी थांबायची.

"नाना, पानं घेऊ का?"

"घे. फांदी मोडू नकोस."

"नाही मोडत."

आणि ती खरंच मोडायची नाही. एका डहाळीची दोनच पानं खुडायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. त्यामुळे टोपली भरायला तिला बराच वेळ लागायचा.

कार्तिकातली एक सकाळ होती. गवतावर दवाचे टपोरे थेंब चमकत होते. सगुणाची टोपली अर्धी भरली होती, तेवढ्यात धुपाच्या झाडाकडून एक बारीकसा आवाज आला. कुणीतरी चांदीची घुंगरं हळूच हलवावीत, तसा.

सगुणा जवळ गेली. झाडाच्या सालीतून सोनेरी राळ ओघळली होती आणि त्या चिकट राळेत काहीतरी अडकलं होतं. तिला आधी वाटलं, चतुर असेल. तिने नीट पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. बोटाएवढी एक परी होती ती! झऱ्याच्या पाण्याच्या रंगाचा झगा, मोहरीएवढी इवलीशी पावलं, आणि पाठीवर चार पंख, आतून हिरवे आणि कडेला सोनेरी. त्यातले दोन पंख राळेत पुरते रुतले होते.

"ओढू नकोस हं," परी घाबरून म्हणाली. "ओढलंस तर फाटतील."

"नाही ओढत," सगुणा म्हणाली. "थांब, मला विचार करू दे."

राळ पाण्याने निघत नाही, हे तिला माहीत होतं. राळेला तेल लागतं. पण राईत तेल कुठून आणायचं? तेवढ्यात तिला आठवलं, काल आईने डोक्याला चांगलं चोपून खोबरेल लावलं होतं. सगुणाने वेणी पुढे घेतली, वेणीचं टोक बोटांनी चोळलं, आणि बोटांना लागलेलं तेल राळेवर लावायला सुरुवात केली. पुन्हा वेणी चोळायची, पुन्हा कणभर तेल लावायचं. ऊन फांद्यांमधून खाली उतरलं, शाळेची घंटा झाली, तरी ती तिथेच बसून होती. शेवटी टप् असा आवाज झाला, दुसरा पंखही सुटला, आणि परी तिच्या तळहातावर येऊन बसली.

"माझं नाव पाचुली," परी पंख झटकत म्हणाली. "या झऱ्याची परी. तुझी टोपली अर्धीच राहिली ना माझ्यापायी?"

"राहू दे. उद्या जास्त वेळ पानं खुडीन."

पाचुली हसली. तिच्या हसण्याने जवळच्या दवाच्या थेंबांतून निळे, जांभळे, केशरी किरण निघाले. तिने हवेतून एक पान काढलं. नखाएवढंच होतं, पण ते आतून दिव्यासारखं उजळत होतं.

"हे इच्छेचं पान. यावर एकच इच्छा मागता येते. तिसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर येईपर्यंतच हे ताजं राहील, मग सुकून जाईल. आणि हे बघ, याचे तीन नियम आहेत. पहिला, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वस्तूबद्दल काही मागायचं नाही. दुसरा, माणसाचं दुखणं बरं करायचं असेल तर तुझा एकटीचा हात पुरेल. पण झाडं, पाणी, जमीन यांच्यासाठी मागायचं असेल, तर जितके हात तुझ्याबरोबर असतील, तितकीच वर्षं ती इच्छा टिकेल."

"आणि तिसरा?"

"माझं नाव कुणाला सांगायचं नाही. परी आहे म्हणून सांगितलंस, तर लोक चमत्कार बघायला येतील. असे हात मोजणीत धरत नाहीत."

एवढं बोलून पाचुली झऱ्याच्या तुषारांत मिसळून गेली.

सगुणाला विचार करायची गरजच पडली नाही. बाबांचा पाय! दुसरं काय मागायचं? पान परकराच्या खिशात जपून ठेवून ती उड्या मारतच निघाली. पण नानांच्या घराशी आली आणि थबकली. ओटीसमोर एक पांढरी गाडी उभी होती. शहरातले एक साहेब नानांशी बोलत होते आणि त्यांची दोन माणसं झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या फुल्या मारत होती.

"इथे बारा बंगले होतील, नाना," साहेब म्हणत होते. "मधली झाडं काढावी लागतील, झऱ्याच्या जागी तलाव करू. परवा सकाळी येतो मी. तुमचा होकार असला की झालं."

नाना नुसते मिशीवरून हात फिरवत बसले.

सगुणाने खिशावर हात घट्ट दाबला. झऱ्याच्या जागी तलाव? मग पाटाला पाणी कुठून येणार? हळद्या कुठे जाईल? पाचुली कुठे राहील? ती घरी पळत सुटली, पण खिशातलं पान आता तिला फार जड लागत होतं.

घरी बाबा अंगणात होते. आईला जरा मदत व्हावी म्हणून ते काठी टेकत पाटावरून पाणी आणत होते. दारापाशी त्यांचा तोल गेला आणि खांद्यावरचं मडकं खाली पडून फुटलं. बाबा भिंतीला धरून उभे राहिले. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

सगुणाने डोळे पुसत खिशात हात घातला. पान उबदार होतं. 'आत्ताच मागू,' तिच्या मनात आलं. 'माझा एकटीचा हात पुरेल.' तिने तोंड उघडलंसुद्धा.

"रडू नकोस गं," बाबा तिला म्हणाले. त्यांनी सांडलेलं पाणी वेलाच्या मुळाकडे पायानेच वळवलं. "मडकंच फुटलं ना? मडकी पुष्कळ मिळतील. पाटाला पाणी आहे, मग काळजी कसली?"

सगुणाचे ओठ मिटले. तिने खिशातून हात बाहेर काढला. त्या रात्री ती बराच वेळ बाबांच्या पायाला लेप लावत बसली. बाबांना वाटलं, पोरगी दमली म्हणून गप्प आहे.

सकाळी ती नानांच्या ओटीपाशी गेली. आज तिच्या हातात टोपली नव्हती.

"नाना, एक विचारू का? तुम्ही राई विकणार?"

"तुला कशाला गं ही चौकशी?"

"मला राई हवीय," सगुणा म्हणाली. "म्हणजे माझी नको. तुमचीच असू दे. पण असू दे."

नानांच्या मिशा किंचित हलल्या. ते जरा सरकले आणि त्यांनी तिला बाजूला बसवलं.

"मलाही कुठे विकायची आहे, पोरी? एकेक झाड माझ्या ओळखीचं आहे. पण मी आता थकलो. माझी मुलं इथे परत यायची नाहीत. माझ्या मागे कुणीही येऊन कुऱ्हाड चालवील. त्यापेक्षा आज साहेबांना दिली तर निदान डोळ्यांसमोर काय ते होऊन जाईल. आणि गाव? गाव पाणी पितं, फुलं नेतं. दहा वर्षांत कुणी मला विचारलं का, नाना, राईचं कसं चाललंय? एक तू तेवढी रोज विचारतेस, पानं घेऊ का म्हणून."

"आणि गाव म्हणालं, आम्ही राखतो, तर?"

"तर काय हवं होतं! पण म्हणेल का?"

"मी विचारून येते," सगुणा म्हणाली आणि धावत निघाली.

ती थेट शाळेत गेली. शाळेच्या केतकीबाई वर्गाच्या खिडक्या उघडत होत्या. सगुणाने त्यांना साहेबांचं आणि नानांचं सगळं सांगितलं, फक्त परीचं सांगितलं नाही. बाईंनी खडू घेतला, फळ्यावर एक मोठं झाड काढलं आणि त्याच्याभोवती हात धरून उभी असलेली माणसं काढली.

"यावर उपाय आहे, सगुणा. राई नानांचीच राहील, त्यांच्याकडून ती कुणी घ्यायची नाही. नानांनी आपल्या खुशीने कागदावर लिहून द्यायचं, की इथलं हिरवं झाड तोडायचं नाही, झरा बुजवायचा नाही, घरं बांधायची नाहीत. हे वचन नानांवर, त्यांच्या मुलांवर आणि पुढे जो कुणी मालक होईल त्याच्यावरही. आणि गावातल्या माणसांनी मिळून एक राखणमंडळ करायचं. नाना नसले तरी मंडळ असेल. वचन पाळलं जातंय की नाही, ते मंडळ बघेल. ओळखीच्या वकिलांना विचारून कागद कसा करायचा ते मी बघते. पण त्याच्या आधी मंडळाला माणसं हवीत."

"किती?"

"जितकी मिळतील तितकी."

सगुणाला मनातल्या मनात हसू आलं. परी आणि बाई दोघी एकच सांगत होत्या!

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळी मुलं घरोघर गेली. सगुणा एकेका दारात उभी राहून सांगायची, "उद्या सकाळी राईत याल का? नानांना आपला हात हवाय." कुणी हसले, कुणी 'बघू' म्हणाले. कुणी म्हणाले, "राई नानांची, आम्ही कशाला मध्ये पडू?"

सगळ्यात कडक होत्या जनूकाकी. त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या.

"मी नाही यायची," त्या म्हणाल्या. "आज राखण म्हणाल आणि उद्या मला काटकीही उचलू देणार नाही. मग माझी चूल कशावर पेटायची? आहे उत्तर?"

'काटक्या मिळतील' म्हणून टाकणं सोपं होतं, पण ते खरं की खोटं, सगुणाला कुठे ठाऊक होतं?

"मला माहीत नाही, काकी," ती म्हणाली. "मी नानांना विचारून येते."

आणि ती खरंच डोंगराची चढण चढून पळत गेली, नानांना विचारलं, आणि धापा टाकत परत आली. तोपर्यंत तव्यावर शेवटची भाकरी होती.

"नाना म्हणतात, पडलेली काटकी ज्याची त्याने न्यावी. हिरव्या फांदीला हात लावायचा नाही. कागदात तसंच लिहू म्हणाले."

जनूकाकींनी तिच्याकडे पाहिलं. केस विस्कटलेले, पाय धुळीने माखलेले. त्यांनी गरम भाकरीचा एक मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तिसरी सकाळ उजाडली. धुपाच्या झाडाखाली सगुणा उभी होती. आई होती, काठी टेकत बाबा होते, केतकीबाई आणि शाळेची मुलं होती. नाना झऱ्याजवळच्या दगडावर बसले होते. ऊन हळूहळू वर चढत होतं. खिशातलं पान कडेने पिवळं पडू लागलं होतं.

"एवढेच का?" नाना हलक्या आवाजात म्हणाले. ते रागावलेले नव्हते, पण त्यांचा आवाज ऐकून सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पांढरी गाडी वळणावर दिसली. साहेब उतरले आणि हसतमुखाने वर येऊ लागले. आणि तेवढ्यात त्यांच्या मागून, पायवाटेवरून, खूप माणसांच्या बोलण्याचा आवाज आला. सगळ्यांच्या पुढे जनूकाकी होत्या, काखेत नात आणि मागे अख्खं गाव!

"अरे चला, पाय उचला," त्या मागच्यांना दटावत होत्या. "माझ्या एका प्रश्नासाठी ही एवढीशी पोर डोंगर चढून उतरली. आपण एकदा चढलो तर झिजणार नाही."

लाल लुगडी, निळे सदरे, पिवळे फ्रॉक, हिरव्या बांगड्या! राईत जणू फुलांचा नवा बहर आला. जनूकाकी थेट नानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, आमचं चुकलं. इतकी वर्षं तुमचं पाणी प्यायलो, पण कधी विचारलं नाही. आता आम्ही राखतो. तुमची ना नसली तर."

नाना उठले. त्यांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "हो. माझा होकार आहे."

मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, तुम्हाला हेलपाटा पडला. पण राई विकायची नाही. ती माझीच आहे, आणि तिला आता माणसं मिळाली आहेत."

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. "मला वाटलं होतं, ही जागा नुसती पडून आहे," ते ओशाळून म्हणाले. ते झऱ्याचं ओंजळभर पाणी प्यायले, त्यांनी नानांना नमस्कार केला आणि ते आपल्या माणसांना घेऊन निघून गेले.

"चला, सगळ्यांनी हात धरा," सगुणा म्हणाली. तिने एक हात धुपाच्या बुंध्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने नानांचा हात धरला. नानांनी जनूकाकींचा, जनूकाकींनी आईचा, आईने बाबांचा. साखळी झाडाभोवती फिरली, झऱ्यावरून गेली, बकुळीला वळसा घालून परत आली. जनूकाकींच्या नातीने आपली गुबगुबीत मूठ कुणाच्यातरी बोटाभोवती आवळली.

सगुणाने पान बुंध्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. बाबांचा वाकडा पाय तिच्या डोळ्यांसमोर आला. क्षणभर तिचा श्वास अडकला. मग तिने स्पष्ट आवाजात म्हटलं, "ही राई अशीच राहू दे."

"अशीच राहू दे," सगळे म्हणाले.

पान वितळलं. त्याचा उजेड सालीत शिरला, फांद्याफांद्यांतून वर चढला, आणि साऱ्या राईतून एक मऊ, हिरवी-सोनेरी लाट गेली. बुंध्यांवरच्या चुन्याच्या फुल्या पांढऱ्या फुलपाखरांसारख्या सुटल्या आणि उडून गेल्या. झरा खळाळून वर आला. सगळ्यांना वाटलं, किती सुंदर ऊन पडलंय आज! पाचुली मात्र फक्त सगुणाला दिसली. ती तिच्या खांद्यावर बसली होती.

"मी मोजलं," ती कानात म्हणाली. "चौऱ्याहत्तर माणसं आली. म्हणजे हात किती?"

सगुणाने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे चमकले. "एकशे अठ्ठेचाळीस!"

"तितकी वर्षं इथल्या हिरव्या झाडावर उगारलेली कुऱ्हाड मेणासारखी मऊ होईल. कागदाचं काम तुमचं, कुऱ्हाडीचं काम माझं. आणि दर वर्षी नवे हात जोडलेत, तर वर्षंही वाढतील." पाचुली आणखी जवळ सरकली. "सगुणा, मघाशी तुझा श्वास अडकला होता. मला कळलं, का ते. इच्छेचं पान एकच होतं. पण परीला आपणहून काही द्यावंसं वाटलं, तर त्याला कुठलाच नियम नाही."

ती भिरभिरत बाबांपाशी गेली आणि त्यांच्या घोट्यावर आपले चार पंख एकदा अलगद टेकवले. बाबांनी चमकून खाली पाहिलं. त्यांनी पाय पुढे टाकला. मग दुसरा. काठी हातातून गळून पडली आणि त्यांना ती उचलायची आठवणही राहिली नाही.

"अगं, बघ! दुखत नाही!" ते आईला म्हणाले. आई एकदम रडायला लागली आणि हसायलाही.

पाचुली झऱ्यावर तरंगत होती. तिचा झगा पाण्याहून स्वच्छ झाला, पंख उन्हाहून उजळ झाले. तिने सगुणाकडे पाहून चिमुकला हात हलवला. मग ती प्रकाशाचा एक गोळा झाली, गोळ्याच्या ठिणग्या झाल्या, आणि ठिणग्या पानापानांवर विखरून विरून गेल्या. ऊन माथ्यावर आलं होतं.

कागद व्हायला पुढे चार महिने लागले. केतकीबाईंनी कचेरीच्या फेऱ्या मारल्या, नानांच्या मुलांनीही शहरातून येऊन आनंदाने सह्या केल्या, आणि कुडेवाडी राखणमंडळाची रीतसर नोंद झाली. राईचा राखणदार म्हणून मंडळाने भागोजींना नेमलं, कारण झाडांची त्यांच्याएवढी माहिती कुणालाच नव्हती. सगुणाच्या घरचं तांदळाचं मडकं त्यानंतर रिकामं राहिलं नाही. पानं आणायला ती अजूनही जायची, पण हौसेने.

आणि नानांची ओटी? तिथे आता रोज संध्याकाळी सगुणा आणि आणखी चार माणसं बसलेली असत. नाना अजून तुसडेच होते, पण चहाचं आधण मोठं ठेवायला शिकले होते.

एके दिवशी जनूकाकी तिथे आल्या. त्यांच्या हातात जुना, पिवळा पडलेला जमिनीचा कागद होता. त्या बराच वेळ दाराशीच घुटमळल्या.

"ओढ्याकाठी माझा एक तुकडा आहे," अखेर त्या म्हणाल्या. "मोठा नाही. चार जांभळाची झाडं आणि एक वारूळ, एवढंच काय ते. पण पाखरं पुष्कळ येतात. तुमच्या मंडळाला राखायला चालेल का?"

नाना बाकावर सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने पुसली.

"बस, जनू," ते म्हणाले. "सगुणा, तो कागद नीट धर बघू, आणि मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."